सावळीच्या पाठीवरचा बर्फ

आवारात त्याला सगळे शेकोटी म्हणायचे. हे नाव पाडलं त्याच्या भाऊजींनी, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. हा गडी उन्हाच्या मुलुखातून आला तो थेट चहाच्या खोलीतल्या शेगडीला जाऊन चिकटला, आणि मग पहिला महिनाभर ज्याला कुणाला तो हवा असेल तो आधी शेगडीमागे वाकून बघायचा.

घरची घोडागाडी होती. समुद्रकाठच्या वाळूवर हवा खायला येणाऱ्यांना बसवून फेरी मारायची. बाप गेला तसा लगाम याच्या हातात आला. घोडा असा राखायचा की लोक गाडीपेक्षा घोड्याकडे बघून चढत. सकाळ-संध्याकाळ खरारा, अंग कसं आरशासारखं. पुढे वाळूवर घोडे नकोत असा हुकूम निघाला, घोडा विकला, गाडी पावसात सडली. याचं लग्न जमता जमता राहिलं. तेव्हा ताईने, जी लग्न होऊन थंडीच्या मुलुखात गेली होती, बोलावून घेतलं. "जनावराचंच काम आहे," ती म्हणाली. "घोडे नाहीत, कुत्री आहेत. बर्फावरची गाडी ओढतात."

"कुत्री गाडी ओढतात? मग घोडे काय करतात तुमच्याकडे, भुंकतात?"

आला आणि बघतच राहिला. गावाबाहेर मोठं आवार, त्यात ओळीने लाकडी खोपटी, प्रत्येक खोपटीत पेंढा आणि प्रत्येक खोपटीच्या टपावर एक कुत्रं बसलेलं. मालकीण म्हातारी, गुडघ्यांनी गेलेली, पण तिचा आवाज ऐकला की सगळी कुत्री गप्प. एके काळी ती स्वतः शर्यती पळवायची. नंतर भाऊजी पळवायचे, मग त्यांची कंबर धरली आणि ते जेवण शिजवण्यावर आले. कुत्र्यांचं. मोठ्या पातेल्यात मांस, वर कोमट पाणी. "बायकोला आयुष्यात चहा करून दिला नाही," ताई म्हणायची, "आणि कुत्र्यांना रोज सूप."

पहिल्याच दिवशी शेकोटीने फजिती करून घेतली. दोन विजारी, तीन स्वेटर, वर भाऊजींचा कोट, असा गाठोडं होऊन तो आवारातली घाण उपसायला उतरला. फावडं मारून घाम फुटला, घाम गार झाला, आणि हा उभ्या उभ्या लटलटायला लागला. म्हातारीने सगळ्यांसमोर त्याचे स्वेटर एकेक करून उतरवले, केळं सोलतात तसे.

"इथे थंडी माणसाला मारत नाही, घाम मारतो. गरम व्हायच्या आधी कपडा काढायचा, गार व्हायच्या आधी घालायचा. कळलं?"

"कळलं, बाई."

"दात का वाजतायत मग?"

"वाजत नाहीत, बाई."

इथेच त्याचं दुखणं होतं. त्याच्या मुलुखात हुडहुडी भरायची ती तापात. अंग थरथरलं की आई कपाळाला हात लावायची आणि शेजारीण दारातून विचारायची, पोराला काय झालं. म्हणजे कुडकुडणं हा आजार. धडधाकट पुरुषाने चारचौघांत दात वाजवायचे म्हणजे भर रस्त्यात विजार सुटल्यासारखं त्याला वाटायचं. आईचा फोन आला की ती म्हणायची, तोंड दाखव. हा बाहेर बर्फात जाऊन उभा राहायचा आणि टोपी काढायचा. "बघ. काही नाही. आपल्याकडच्या पहाटेसारखंच आहे." फोन ठेवला की कान चोळत आत पळायचा. एकदा कानाच्या पाळीची सालं निघाली, तर ताईला म्हणाला, दार लागलं.

काम मात्र त्याने पटकन उचललं. या गाडीला लगाम नसतो. डावीकडे, उजवीकडे, थांब, चल, सगळं तोंडाने. पुढची म्होरकी कुत्री ऐकते आणि मागची तिचं बघून वळतात. शेकोटीचं निम्मं आयुष्य घोड्याशी बोलण्यात गेलेलं. तो आपल्याच बोलीत चालू करायचा, "चल गं बाय, सांभाळून, पुढे वळण आहे हां, घाई कुणाला आहे," आणि कुत्री कान मागे टाकून ऐकायची. शब्द त्यांना कुठले कळायला, पण सूर कळायचा. म्होरकी होती सावळी. काळपट, अंगाने बेताची, डोळ्याने तिखट. भलत्या माणसाने गाडी धरली तर ती वळून बघायची, याला कुणी बसवलं इथे, अशा नजरेने. शेकोटीकडे तिने असं कधी बघितलं नाही. दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर म्हातारीने सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदाची मोठी शर्यत हा पळवेल."

ताईने त्याच दुपारी आईला फोन केला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं की आपला घोडागाडीवाला आता बर्फात शर्यत मारणार. गल्लीतला न्हावी फोनवर येऊन म्हणाला, "आमची इज्जत तुझ्या हातात आहे, गड्या." शेकोटीने तेव्हाही टोपी काढून दाखवली.

त्याची खोली म्हणजे सामानाच्या खोलीला जोडलेला फळ्यांचा खण. एक खाट, एक छोटी शेगडी, पट्टे आणि दोऱ्या टांगायचे खुंटे. शेगडीत लाकूड भरलं तरी पहाटेपर्यंत राख व्हायची आणि मग फळ्यांतून गारठा आत घुसायचा. खाटेवर मुटकुळं करून पडलं तरी गुडघे गुडघ्यांवर आपटायचे. ताईने आधीच सांगितलं होतं, "दिवाणखान्यात गादी टाकते, ये." हा म्हणाला, "मला उकडतं." मोठी शेगडी माग म्हणून भाऊजींनी सुचवलं, तर म्हणाला, "आहे तीच जास्त होते." शर्यत पळवणारा माणूस आणि अंथरुणात काकडतो, हे कुणाला कळता कामा नये.

अशात सावळीचा पंजा चिरला. म्हातारी म्हणाली, "जखम सुकेपर्यंत हिला आत घे." शेकोटीने तिला खोलीत घेतलं. ती खाटेखाली पसरली, मग हळूच खाटेवर आली, आणि त्या मुलुखात आल्यापासून पहिल्यांदा हा गडी पाय लांब करून झोपला.

पंजा बरा झाला. सावळी आतच राहिली.

तांबडं फुटायच्या आत तो तिला बाहेर नेऊन तिच्या खोपटीशी बांधायचा, अंधार पडला की परत आणायचा. म्हातारी गुडघ्यांमुळे संध्याकाळनंतर घराबाहेर पडत नव्हती. भाऊजी पातेलं घासून घरी जायचे. बघणार कोण? आणि मनाला समजावायला कारण तयार होतंच. बिचारं मुकं जनावर, बाहेर बर्फात पडतं, त्याची कीव नको करायला? थोड्याच दिवसांत सावळीचे केस जायला लागले. आतली मऊ लोकर पुंजक्या-पुंजक्याने सुटून खोलीच्या कोपऱ्यात साठू लागली. शेकोटीला त्यात वावगं दिसलं नाही. घोड्याचे केस जातात तेव्हा खरारा करायचा असतो, एवढं त्याला जन्मापासून माहीत. त्याने कुठूनसा ब्रश मिळवला आणि रोज तिला खरारा करायला लागला. उरलीसुरली लोकरही निघाली. वरचे केस अंगाला बसले, चकाकायला लागले. तो लांबून बघून खूश व्हायचा. याला म्हणतात राखलेलं जनावर! बाकीची कुत्री कशी पिंजलेल्या उशीसारखी, आणि आमची सावळी बघा.

निघालेली लोकर तो शेगडीत टाकायचा. एके सकाळी भाऊजी नाक धरून आत आले.

"काय मेहुणे, दाढी जाळून काढता काय? वस्तरा नाही का घरात?"

"जुनी टोपी पडली शेगडीत."

"डोक्यासकट पडली का? वास तर तसाच येतोय."

वावगं काही नव्हतं, तर खोटं का बोललास, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. विचारायला हवा होता.

शर्यतीला दोन दिवसांची वाट होती, मध्ये एक मुक्काम. पहिल्या दिवशी तो असा निघाला की बघणारे बाजूला सरले. धावताना कुत्र्याला थंडी लागत नाही, आणि सावळी तर अंग हलकं झाल्यासारखी पळत होती. तासाभरात पुढच्या दोन गाड्या मागे पडल्या, मग आणखी. शेकोटी गाडीमागे कधी पायाने रेटत, कधी धावत, घाम यायच्या आत कोटाची बटणं काढत, सगळं शिकवल्यासारखं करत होता. तोंड चालूच. "वा गं माझी बाय! बघताय काय, वाट द्या!"

मुक्कामाला नियम असा की कुत्री उघड्यावर राहतात. पेंढा अंथरायचा, कुत्र्यांच्या पंजांवर चढवलेले मोजे काढायचे, गरम जेवण द्यायचं आणि झोपू द्यायचं. कुत्री शेपटी नाकावर घेऊन वेटोळं करतात आणि वरून बर्फ पडत राहतो. थोड्या वेळाने कुत्री दिसत नाहीत, नुसते पांढरे ढीग दिसतात. त्या ढिगाखाली ती मजेत घोरतात.

जनावरांची डॉक्टरीण प्रत्येक गाडीपाशी जाऊन तपासत होती. शेकोटीच्या ओळीपाशी आली आणि थांबली. पांढरे ढीग ओळीने पडले होते. सगळ्यात पुढे मात्र काळं कुत्रं होतं, काळंच्या काळं. बर्फ तिच्यावरही पडत होता, पण पडला की विरघळत होता. पाठ ओलीचिंब. आणि ती थरथरत होती.

डॉक्टरीण गुडघ्यावर बसली. सावळीच्या केसांत तिने बोटं घातली, फुंकर मारून बघितलं.

"हिच्या अंगावर बर्फ का टिकत नाही? आतली लोकर कुठे आहे हिची?"

डॉक्टरीण काही शिकवायला आली नव्हती, नुसती विचारत होती. पण त्या एका प्रश्नात शेकोटीला सगळं कळलं. खोली, शेगडी, ब्रश, जळक्या केसांचा वास. अंगातली ऊब आत कोंडून धरते ती लोकर, आणि ती त्याने आपल्या हाताने उपटून काढली होती. तिच्या अंगातली ऊब पाठीतून गळत होती. ज्या थरथरीची त्याला एवढी लाज, ती त्याने तिच्या अंगात घातली होती.

"आजारी होती का?" डॉक्टरणीने विचारलं.

"नाही."

"मग?"

आजूबाजूला दुसऱ्या गाड्यांचे लोक होते. एकजण हातात कप घेऊन ऐकत उभा होता.

"वय झालं असेल," शेकोटी म्हणाला.

डॉक्टरणीने सावळीला घोंगडीत गुंडाळलं आणि मोटारीत घालून म्हातारीकडे पाठवलं. एखादं कुत्रं सोडून पुढे जायची मुभा असते. सकाळी शेकोटीने दुसरी कुत्री पुढे जुंपली आणि निघाला. आदल्या दिवशी केवढी बडबड, त्या दिवशी तोंडातून कामापुरते शब्द. तरी गाडी पहिल्या पाचांत आली. आदल्या दिवशीची कमाई पुरली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई रडत रडत हसत होती. फोनवर गल्ली ओरडत होती, न्हाव्याने तर शिट्टी मारली. एका वर्तमानपत्रवाल्याने विचारलं, "गरम देशातला माणूस, तुम्हाला थंडी वाजत नाही?" आणि शेकोटीच्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "नाही." म्हातारी टाळ्या वाजवत नव्हती. ती मोटारीत घोंगडीतल्या सावळीजवळ बसली होती आणि तिच्या कानामागे खाजवत होती.

पुढच्याच आठवड्यात तिने ठरवून टाकलं. "डॉक्टरणीला वय झालं म्हणालास ना? मग संपलं तिचं. लोकर धरत नाही ते कुत्रं बाहेर ठेवणं पाप. त्या किराणावाल्याची बायको कधीची कुत्रं मागतेय. तिथे गालिच्यावर लोळेल." बोलली ती सरळच, पण नंतर बराच वेळ पट्टे पुसत बसली, पुसलेलेच पुन्हा पुसत. सावळी तिच्या हातात जन्मली होती.

शेकोटीला वाटलं, बरंच झालं. गालिचा म्हणजे काय वाईट? ऊब, खाणं, लाड. त्याने असंही मनाशी म्हणून बघितलं की हे सावळीच्या भल्याचंच आहे. आणि तसं म्हणताना त्याला स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटला. मुक्या जनावराची कीव करणारा तो मागचाच आवाज.

किराणावाला आणि त्याची बायको रविवारी दुपारी आले. बाई हौशी. सावळीसाठी तिने लाल स्वेटरच विणून आणला होता. म्हातारी म्हणाली, "शेकोटी, आण तिला." त्याच वेळी भाऊजी दुसऱ्या कुत्र्यांना फेरीसाठी जुंपत होते. पट्ट्यांचा खळखळाट ऐकला मात्र, सावळी उसळली. साखळी ताणून मागच्या पायांवर उभी राहिली आणि अशी किंचाळायला लागली की किराणावाल्याच्या बायकोने कानांवर हात ठेवले. मला जुंपा, मला विसरलात, असं ती ओरडत होती. दुसरा अर्थ काढायला जागाच नव्हती. म्हातारं कुत्रं असं ओरडत नाही.

शेकोटी साखळी धरून उभा. ती काढायला बोटं तयार होईनात.

"बाई, तिचं वय झालेलं नाही."

"मग काय झालंय?"

"मी तिला आत निजवत होतो. पंजा बरा झाल्यावरही. रोज. आणि ब्रश लावत होतो. घोड्याला लावतात तसा."

भाऊजींनी हातातला पट्टा खाली ठेवला आणि नाकाला हात लावला. टोपीचा वास त्यांना आठवला असावा.

म्हातारी काठी टेकत जवळ आली. "आत का निजवलंस?"

"दया आली."

"कोणाची?"

"तिची."

"तिला थंडी वाजत होती?"

शेकोटीने सावळीकडे बघितलं. खोटं बोलायला अजूनही जागा होती, पण म्हातारी जागची हलत नव्हती.

"नाही," तो म्हणाला.

"मग कुणाला वाजत होती?"

ताई होती. किराणावाला होता. लाल स्वेटर हातात धरून त्याची बायको होती.

"मला."

ताईच्या तोंडून "अरे देवा" निघालं. "अरे, मला सांगायचं होतंस ना! रजया पडल्यात घरात, माळ्यावर उंदीर खातायत त्यांना! तू म्हणालास उकडतं!" आणि ती रागाने की लाजेने लाल झाली, कारण गल्लीभर तिनेच सांगून ठेवलं होतं की माझ्या भावाला थंडीच लागत नाही. शेकोटी उकडतं म्हणाला होता खरा. त्या वेळी दात वाजू नयेत म्हणून जबडा दाबून धरलेला होता.

म्हातारी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं भाऊजी नंतर म्हणाले. तिने किराणावाल्याच्या बायकोची माफी मागितली, स्वेटर छान आहे म्हणाली आणि त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मग शेकोटीला म्हणाली, "थंडी मलाही वाजते. चाळीस हिवाळे वाजतेय. मी मोठी शेगडी घेतली. तू माझं कुत्रं सोललंस."

"बाई, चुकलं माझं."

"चूक ब्रश लावण्यात झाली. ती मी पोटात घातली असती. मुक्कामाला डॉक्टरणीने विचारलं, तेव्हा तू तिच्या वयावर ढकललंस. तिला तोंड असतं तर तुझं नाव सांगितलं असतं तिने." एवढं बोलून तिने त्याला डॉक्टरणीला फोन लावायला लावला आणि समोर बसून ऐकलं. डॉक्टरीण पलीकडून काय बोलली ते कळलं नाही. शेकोटी फक्त "हो" म्हणत होता. बऱ्याच वेळा म्हणाला.

शिक्षा ठरली ती अशी. नवी लोकर यायला एक उन्हाळा आणि पुढचा गारठा लागणार. तोवर सावळीची खोपटी दुप्पट पेंढ्याने भरायची आणि ते काम शेकोटीने करायचं. फार गारठा असेल तेव्हा तिला कोट घालायचा, तोही त्यानेच. आत आणायचं नाही. आणि सावळी पुन्हा म्होरकी होईपर्यंत याने गाडीवर पाय ठेवायचा नाही.

ताईने त्याच दिवशी रजया आणून खाटेवर आपटल्या. भाऊजींनी मोठी शेगडी बसवली आणि बसवताना म्हणाले, "मेहुणे, यात टोपी टाकू नका." हसायला हवं होतं. हसू आलं नाही. आता खोली चांगली तापायची. शेकोटी रजईत पाय लांब करून पडायचा आणि त्याला झोप लागायची नाही.

कारण सावळीला काय कळणार शिक्षा-बिक्षा? तिला एवढंच माहीत की अंधार पडला की दार उघडतं. गारठा कमी असेल तेव्हा म्हातारी तिला आवारात मोकळी सोडायला सांगायची. मग ती सगळ्या खोपट्या ओलांडून याच्या दाराशी यायची आणि नखांनी फळी खरवडायची. आधी हळू, मग जोरात, मग मान वर करून कुईं कुईं. आवाराला ऐकू जायचं. भाऊजी पातेलं घासता घासता थांबायचे. म्हातारीच्या खिडकीचा पडदा हलायचा. कुत्रं कुणाच्या दारात रडतंय आणि का रडतंय, हे आता नव्या माणसालाही सांगावं लागत नव्हतं.

शेकोटी दार उघडून बाहेर यायचा. ती शेपटी हलवत त्याच्या पायांतून आत घुसायला बघायची. तो तिचा पट्टा धरायचा, "नाही गं बाय, चल," म्हणायचा आणि सगळ्यांच्या देखत तिला खोपटीपर्यंत घेऊन जायचा. पेंढा हाताने उकरून खळगा करायचा, तिला त्यात बसवायचा, वरून पेंढा ओढायचा. परत येऊन दार लावायचा.

जरा वेळाने फळीवर पुन्हा नखं वाजायची. तो पुन्हा उठायचा.